म्हाइंभटाची पोथी गेली, लीळाचरित्र उरले



मराठीतील पहिला गद्यग्रंथ कोणता, असे विचारले तर शाळकरी मूलही ‘लीळाचरित्र’ असे उत्तर देते. कर्ता म्हाइंभट, काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध, विषय महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी. उत्तर बरोबरच आहे. परंतु म्हाइंभटाने सिद्ध केलेली मूळ पोथी आज कोठेही नाही. सुमारे सातशे वर्षांपूर्वीच ती नाहीशी झाली. आपण जे लीळाचरित्र वाचतो ते एका हरवलेल्या ग्रंथाची पुन्हा उभी केलेली आवृत्ती आहे. ती कशी उभी राहिली, आणि तिच्यावर आपण विश्वास का ठेवावा, हा आजचा विषय.

या धाग्याच्या वाचकांपैकी पुष्कळजण नांदेड-लातूरकडून पुण्या-हैदराबादला जाऊन संगणकाच्या नोकऱ्या करतात. त्यांच्यासाठी, आणि खरे तर विषय नीट कळावा म्हणून, प्रारंभी त्यांच्याच व्यवसायातील एक गोष्ट सांगतो. व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा, केवळ आज्ञावलीने रचलेला संगणक. कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीत १९६० च्या दशकात तिचे प्रयोग झाले आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली जाहीर झाली. अशा संगणकाची डिस्क, त्यावरील ऑपरेटिंग सिस्टिम, प्रोग्रॅम आणि बारीकसारीक सेटिंग हे सारे शेवटी काही फाइलींत मावते. म्हणूनच मूळ यंत्र जळून गेले तरी जपून ठेवलेल्या बॅकअपवरून तोच संगणक भलत्याच यंत्रावर पुन्हा जागा करता येतो.

मात्र त्याला अटी आहेत. शेवटचा बॅकअप घेतल्यानंतर जे घडले ते परत येत नाही. बॅकअप कुलूपबंद केला असेल तर किल्ली कोणापाशी तरी असावी लागते. आणि निव्वळ कागदपत्रांच्या फाइली वाचवल्या, पण त्या ज्या व्यवस्थेत चालत होत्या ती व्यवस्था वाचवली नाही, तर हाती लागते ते पुष्कळदा निरुपयोगी असते. लातूरकरांना ही शेवटची अट फार निराळ्या, फार दुःखाच्या वाटेने ठाऊक झालेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. त्यानंतर कित्येक गावे नव्या जागी वसवली गेली. नाव तेच राहिले, माणसे बरीचशी तीच राहिली. पण जुनी गल्ली, पार आणि शेजार यांची घडी नव्या आखीव रस्त्यांवर जशीच्या तशी बसली नाही. वस्तू परत मिळणे आणि तिच्याभोवतीचे जग परत मिळणे यांत अंतर असते. हे अंतर ध्यानात ठेवून तेराव्या शतकाकडे जाऊ.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूर आहे. रेणुकामातेचे ठाणे म्हणून महाराष्ट्र माहूरला ओळखतो; महानुभावांसाठी ते दत्तात्रेयप्रभूंचे स्थान आहे आणि तेथील देवदेवेश्वरी हे त्यांचे मोठे तीर्थ आहे. पंथाच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर यांची गणना होते. फलटणच्या चक्रपाणींना ज्ञानशक्ती लाभली ती माहूरच्या डोंगरात, दत्तात्रेयांकडून. पुढे ती ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडे आणि त्यांच्याकडून चक्रधरांकडे आली, असे पंथ मानतो. म्हणजे नांदेडच्या या डोंगरावरून ज्ञानाची जी परंपरा निघाली ती माणसाकडून माणसाकडे गेली. तिच्यात कागद कोठेच नव्हता.

स्वतः चक्रधरांनीही काही लिहून ठेवले नाही. ते गुजरातमधून आले, यादवांच्या राज्यात गोदावरीच्या काठाने फिरले, लोकांशी त्यांच्याच मराठीत बोलले. १२७० च्या दशकात ते गेले आणि शिष्य पोरके झाले. सारे ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या आश्रयाला जमले. तेथे नागदेवाचार्य, ज्यांना पंथात भटोबास म्हणतात, स्वामींच्या आठवणी घोळवत बसत. म्हाइंभट हा मूळचा विद्वान, वादविवादात मुरलेला पंडित. या आठवणी बोलण्या-बोलण्यात विरून जातील, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने भटोबासांकडून लीळा विचारून घेतल्या, आणि तेवढ्यावर न थांबता ज्या ज्या व्यक्तीसमोर जो प्रसंग घडला त्या व्यक्तीकडे जाऊन त्याची शहानिशा केली. ‘लीळा’ म्हणजे स्वामींच्या जीवनातील एकेक प्रसंग. असे हजाराहून अधिक प्रसंग गोळा झाले. १२७८ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध झाला असे सामान्यतः मानले जाते.

माझ्या मते म्हाइंभटाचे खरे मोठेपण त्याने काय काय टिपले यात आहे. एखाद्या भाविकाने गुरूची वचने तेवढी लिहून काढली असती. म्हाइंभटाने वचनाबरोबर ते कोठे उच्चारले, त्या वेळी कोण जवळ होते, कोणी काय विचारले, स्वामी जेवत होते की वाट चालत होते, हेही लिहिले. बाइसा, महदाइसा, उमाइसा या स्त्रिया त्यात स्वतःच्या स्वभावासह वावरतात. रुसतात, प्रश्न विचारतात, चुकतात. देवळाचा सोपा, ओसरी, भिक्षेतले अन्न, हे सारे त्यात आहे. संगणकाच्या भाषेत बोलायचे तर म्हाइंभटाने फाइलींची नक्कल केली नाही. त्याने चालता संगणकच उचलून ठेवला.

त्याच काळात दुसराही एक प्रयत्न झाला. केशोबास (केशिराजबास) या पंडिताने लीळाचरित्रातून स्वामींची वचने वेगळी काढली आणि त्यांचा ‘सूत्रपाठ’ रचला. हाच तो केशोबास, ज्याने संस्कृतात रचना करू पाहिली तेव्हा तसे केल्यास पंथातील साध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असे सांगून भटोबासांनी त्याला मराठीकडे वळवले. ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात ती आठवण आहे. सूत्रपाठ आटोपशीर होता, पाठ करायला सोपा होता, आणि पंथाचे तत्त्वज्ञान पुढे त्याच्याच आधारावर उभे राहिले. पण प्रसंगावाचून सूत्राचा अर्थ लागेना. ‘असे करावे’ म्हटले, पण कोणाला, केव्हा, कशाच्या उत्तरादाखल? तेव्हा प्रत्येक सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार करावे लागले. वचन आणि त्याचा भोवताल यांची ताटातूट झाली की काय होते, याचा मराठीतील हा बहुधा सर्वांत जुना अनुभव असावा.

मग धाड आली.

अल्लाउद्दीन खलजीने १२९६ मध्ये देवगिरी लुटली होती. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर पुन्हा चालून आला. त्यानंतर दक्षिणेच्या स्वाऱ्यांचा क्रमच लागला आणि दहा-बारा वर्षांत यादवांचे राज्य संपले. महानुभाव परंपरा या काळाला ‘खालशाची धाड’ म्हणते. पंथाची माणसे रानोमाळ झाली आणि त्या पळापळीत म्हाइंभटाच्या लीळाचरित्राची पोथी नाहीशी झाली. भटोबास तोपर्यंत राहिले नव्हते. ज्यांच्याकडून म्हाइंभटाने प्रसंग ऐकले होते त्यांपैकी बहुतेक साक्षीदारही काळाच्या पडद्याआड गेले होते. पुन्हा गावोगाव हिंडून नव्याने चौकशी करणे शक्य नव्हते. मूळ यंत्र गेले होते, आणि मूळ सामग्रीही.

उरला तो एकच बॅकअप: माणसांची स्मरणशक्ती.

परंपरा सांगते की हिराइसा नावाची साध्वी एकपाठी होती आणि तिला लीळाचरित्र मुखोद्गत होते. तिच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. हा ‘हिराइसापाठ’. येथे क्षणभर थांबावे. बारा-पंधरा ओळींचे स्तोत्र पाठ असणे निराळे आणि हजार गद्य प्रसंग पाठ असणे निराळे. ओवीला यमक असते, मात्रांचा ठेका असतो. एक चरण विसरला तर पुढचा त्याची आठवण देतो. गद्याला हा आधार नाही. ‘मग गोसावी म्हणाले’ याच्या पुढे नेमके काय म्हणाले, हे लक्षात ठेवायला छंद मदतीला येत नाही. मदतीला येतो तो भोवताल. कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणाच्या प्रश्नावर, हे ठाऊक असले की उत्तर आठवते. म्हाइंभटाने भोवताल टिपला म्हणूनच ग्रंथ पाठ राहू शकला, असे मला वाटते. केवळ वचनांची यादी असती तर गद्यातील तपशील असा टिकला नसता.

हिराइसेचा पाठ हा एकमेव नव्हता. ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात ग्रंथाचा जो भाग होता त्यांनी तो आपापल्या परीने सिद्ध केला; रामेश्वरबास, परशरामबास अशांची नावे पाठांच्या परंपरेत येतात. हे पाठ एकमेकांशी शंभर टक्के जुळत नव्हते. कोठे गावाचे नाव बदले, कोठे प्रसंगाचा क्रम, कोठे एखादे वाक्य. आता पाहा, या ठिकाणी मोह किती मोठा होता! ग्रंथ पवित्र, वक्ता परमेश्वराचा अवतार मानलेला. त्याच्या शब्दांत मतभेद दिसणे कोणालाही अडचणीचेच वाटले असते. सर्वांना बसवून एकच पाठ ठरवावा, बाकीचे बुडवून टाकावेत, हे सहज करता आले असते. महानुभावांनी तसे केले नाही. त्यांनी भेद नोंदवले. जुन्या महानुभाव ग्रंथांत ‘वासना’ असा एक शब्द भेटतो. आजच्या अर्थाने तो वाचला तर घोटाळा होईल. तेथे त्याचा अर्थ कोणाच्या तरी स्मरणातला निराळा पाठ, निराळी हकीकत. एक म्हणतो असे घडले, दुसऱ्याची वासना अशी, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले.

म्हणून प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: आजचे लीळाचरित्र म्हाइंभटाच्या पोथीची अक्षर न् अक्षर नक्कल नाही. त्यातील एखाद्या सुट्या शब्दावर यादवकालीन मराठीचा मोठा सिद्धान्त उभारू नये. पण प्रसंग, माणसे, स्थळे आणि बोलण्याची ढब यांच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवावा, कारण ज्यांनी तो पुन्हा उभा केला त्यांनी आपले मतभेद लपवले नाहीत. जो ग्रंथ सातशे वर्षांत एकाही पाठभेदावाचून आला असे सांगितले जाते, त्याविषयी मी अधिक साशंक राहीन.

पुनःस्थापनेची दुसरी रीतही मराठवाड्यातच दिसते, ती पुढे तीन शतकांनी पैठणला. ज्ञानेश्वरीच्या प्रती पुष्कळ होत्या. अडचण उलटी होती. नकला करणाऱ्यांच्या चुका आणि पदरच्या ओव्या मिसळून पाठ गढूळ झाला होता. एकनाथांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध पाठ सिद्ध केला. येथे प्रत हरवली नव्हती, बिघडली होती. एकनाथांनी एकच शुद्ध प्रत पुढे ठेवली आणि ती सर्वत्र चालू झाली. मात्र त्यांनी काय काढले आणि काय ठेवले याची नोंद आपल्यापाशी नाही. वाचकाच्या सोयीला एकनाथांची रीत उत्तम. संशोधकाच्या सोयीला महानुभावांची.

दगडाचे काय, असे कोणी विचारील. दगडावर कोरले की प्रश्न मिटला! राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे बहुतेक अभ्यासक मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधारलाही राष्ट्रकूटकालीन शिलालेख मिळाला आहे. दगड हजार वर्षे टिकला हे खरे. परंतु त्यावर बिरुद आहे, दान आहे, देवालय आहे. त्या काळच्या लातुरात एखादी बाई सकाळी दारात उभी राहून शेजारणीला काय म्हणाली, हे दगड सांगत नाही. लीळाचरित्र सांगते, आणि तेही दोनदा लिहिले गेलेले.

आता कुलूप-किल्लीकडे येऊ. धाडीनंतर पंथ सावध झाला. ग्रंथ पुन्हा लिहिले गेले, पण पुढे ते सांकेतिक लिप्यांत उतरू लागले. सकळ, सुंदरी, अंक, शून्य, पारमांडल्य अशा अनेक लिप्या. त्यांत सकळ लिपी सर्वांत प्रचलित. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह वापरायचे, अशी तिची मूळ रीत. ती सिद्ध करण्याचे श्रेय चौदाव्या शतकातील रवळोबास यांना दिले जाते. आणि येथे आपण पुन्हा माहुरास पोचतो, कारण महानुभावांच्या प्रसिद्ध ‘साती ग्रंथां’पैकी ‘सह्याद्रिवर्णन’ हा रवळोबासांचाच. महानुभाव ज्याला सह्याद्री म्हणतात तो माहूरचा डोंगर. काव्याचा विषय दत्तात्रेयप्रभू. पश्चिम घाट समजून वाचायला घ्याल तर गोंधळून जाल.

लिपी गुप्त का केली याविषयी दोन मते आहेत. आक्रमकांपासून आणि पंथाच्या विरोधकांपासून ग्रंथ राखावेत, हे एक. अनधिकारी माणसाने पवित्र वचन चुकीचे वाचू नये, हे दुसरे. मला दुसरे अधिक पटते. लूट करणारा सैनिक पोथीची लिपी पाहून ती जाळायची की ठेवायची हे ठरवत नसतो. कारण काहीही असो, परिणाम दुहेरी झाला. पंथाच्या आत ग्रंथ फार काळजीने राखले गेले. महानुभावांचे मठ महाराष्ट्राबाहेर पंजाबात, पेशावरापर्यंत आणि काबूलपर्यंत पसरले. तेथे त्यांना ‘जयकृष्णी’ म्हणत. मराठी पोथ्या या साधूंबरोबर सिंधूपलीकडे गेल्या. संगणकक्षेत्रात एक नियम सांगतात: प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या माध्यमांवर असाव्यात, आणि एक तरी दूरगावी असावी. स्मरण आणि पोथी ही दोन माध्यमे, आणि दूरगाव म्हणून काबूल. महानुभावांनी नियम नकळत पुरा पाळला.

पण किल्ली पंथाबाहेर कोणापाशीच नव्हती. परिणामी सुमारे साडेपाचशे वर्षे उरलेल्या मराठी समाजासाठी हे वाङ्मय असून नसल्यासारखे राहिले. एकोणिसाव्या शतकात मराठी वाङ्मयाची चर्चा मुकुंदराज आणि ज्ञानेश्वर यांच्यापासून सुरू होई. तेराव्या शतकात मराठीत एवढे गद्य लिहिले गेले असेल याची कल्पना नव्हती. पंथाविषयी गैरसमज मात्र भरपूर होते, आणि ते खोडून काढणारे ग्रंथ कुलपात होते.

१९१० च्या सुमारास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. किल्ली बाहेर आली तसे पंथातील काही महंतांनीही पोथ्या अभ्यासकांसाठी खुल्या केल्या. या सौजन्याचा उल्लेख राजवाड्यांच्या मानाने फार कमी होतो. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’च्या पुढील आवृत्तीत महानुभावांना जागा दिली. य. खु. देशपांडे यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आले. हरि नारायण नेने यांनी १९३० च्या दशकात लीळाचरित्र छापले, शं. गो. तुळपुळे यांनी १९६० च्या दशकात, आणि वि. भि. कोलते यांचे विस्तृत संपादन १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केले. सर्व संपादकांपुढे प्रश्न तोच होता: हातांत निरनिराळे पाठ, मूळ कोठेच नाही, मग छापायचे काय? त्यांची उत्तरे सारखी नाहीत. तुळपुळे आणि कोलते यांची एकच लीळा समोरासमोर ठेवून वाचली तर ते दिसते. ग्रंथालयात दोन्ही मिळाल्यास अवश्य करून पाहावे, तास-दोन तास कसे जातात कळत नाही.

अनेकजण विचारतात म्हणून शेवटी: हिराइसेविषयी स्वतंत्र ग्रंथ आहे का? पंथाच्या परंपरेत तिचे नाव आदराने घेतले जाते. पण शालेय पुस्तकांत लीळाचरित्राच्या पुढे म्हाइंभटाचे नाव असते, आणि तिचे नाव भेटते ते बहुधा केवळ एका पाठाच्या नावात.